जायफळचं वारूळ

रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की मी दिवाणखान्यातल्या पेटीपाशी जाते आणि चार आकडे बघते. गरम बाजूचं तापमान 32, गार बाजूचं 25. मग हवेतला दमटपणा: गरम बाजूला 48 टक्के, गार बाजूला 70. हे चार जमले की चहा गाळायला परत येते. तीन वर्षं झाली, आता हात आपोआप तिकडे वळतो.

पेटीत जायफळ असते. बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोट्या चणीचा अजगर. मादी आहे, सव्वा मीटरच्या आसपास भरते. घाबरली की डोकं मधे घेऊन घट्ट वेटोळं करते, अगदी चेंडू, त्यावरून इंग्रजीतलं हे नाव पडलं. गडद तपकिरी अंगावर फिकट बदामी ठसे, वेटोळ्यात बसली की फोडलेल्या जायफळासारखी नक्षी दिसते. माझ्या मुलीनं, ईरानं, तिचं नाव नटमेग ठेवलं होतं. बाबा चिपळूणहून आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी त्याचं जायफळ केलं. तेच राहिलं.

आम्ही अमेरिकेत, मिनेसोटात राहतो. इथं बिनविषारी साप पाळता येतो, तो पाळलेल्या सापांच्याच पिल्लांतला मिळतो. आपल्याकडे तसं नाही आणि ते बरं आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे धामण काय, नानेटी काय, आपल्याकडचा कुठलाच साप घरात ठेवता येत नाही. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींचीसुद्धा 2022 च्या दुरुस्तीनंतर सरकारदरबारी नोंद करावी लागते. हे वाचून भारतात कुणी साप आणायला निघू नये, म्हणून आधीच सांगून टाकते.

माझं लहानपण साप मारण्याच्या काळातलं. संध्याकाळी गडग्यात काही सळसळलं की आई कंदील धरायची, शेजारचे काका काठी घेऊन यायचे. घोणस आहे की बिचारी धामण, हे मेल्यावर बघायचं. म्हणून ईरा तेरा वर्षांची असताना ‘आई, मला साप हवाय’ म्हणाली तेव्हा मी वर्षभर नाही म्हणत राहिले. त्या वर्षात तिनं इतकं वाचलं, इतकं लिहून काढलं, की शेवटी नाही म्हणायला माझ्याकडे भीतीशिवाय कारण उरलं नाही. ऑगस्टमध्ये जायफळ घरी आली. तेव्हा ती पाऊण हातसुद्धा नव्हती.

दुकानातून पेटीचा तयार संच आणला होता. काचेची टाकी, वर जाळीचं झाकण, दिवा, खाली चिकटवायची हीट मॅट, आणि आत लावायचं एक गोल काट्याचं दमटपणा मोजायचं यंत्र. काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, मग बस, असं दुकानातल्या माणसानं सांगितलं. काटा 58 वर होता. ऑगस्टमध्ये मिनेसोटाची हवाही चांगली दमट असते. सप्टेंबरात जायफळनं कात टाकली ती एकसंध, डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत. ईरानं ती वहीत चिकटवून ठेवली आहे. आम्हाला वाटलं, जमलं.

मग ऑक्टोबरात घर तापवणारी भट्टी सुरू झाली.

ज्यांनी इथला हिवाळा काढलाय त्यांना ओठ फुटणं, हाताला वीज चावणं, नाकातून रक्त येणं हे सगळं पाठ असतं. त्यामागचं गणित मला जायफळमुळे कळलं. हवा जितकी थंड तितकी तिच्यात वाफ कमी मावते. बाहेर उणे 15 असताना हवा वाफेनं अगदी गच्च भरलेली असली तरी एका घनमीटरमागे जेमतेम दीड ग्रॅम पाणी असतं. तीच हवा घरात येऊन 21 अंशांना तापते तेव्हा तिच्यात अठरा ग्रॅम मावेल एवढी जागा झालेली असते. पाणी मात्र दीड ग्रॅमच. म्हणजे दहा टक्केसुद्धा नाही. स्वयंपाक, अंघोळ, आपले श्वास यांनी त्यात थोडी भर पडते, तरी हवा तहानलेलीच राहते आणि जिथून मिळेल तिथून पाणी ओढते. भिंतीच्या लाकडातून, आपल्या कातडीतून, आणि जाळीच्या झाकणाखाली दिव्याच्या उबेत बसलेल्या सापाकडून.

नोव्हेंबरात जायफळचे डोळे दुधाळ झाले. कात टाकायच्या आधी सापाच्या जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे पातळ द्रव सुटतो, त्यानं डोळ्यांवर निळसर साय आल्यासारखी दिसते. तांदूळ धुतलेल्या पाण्याचा रंग असतो, तसा. मग दोनचार दिवसांत डोळे निवळतात, आणि त्यानंतर काही दिवसांनी साप ओठ कशावर तरी घासून कात सोडवतो, मोजा काढताना उलटा व्हावा तशी ती मागं सोलत जाते. तो द्रव टिकायला हवेत ओलावा लागतो. तो नव्हता. जायफळची कात कांद्याच्या सालपटासारखी तुकड्यातुकड्यांनी निघाली. पाठीवर कोरडे पापुद्रे राहिले, शेपटीच्या टोकाशी एक कडं राहिलं, आणि उजव्या डोळ्यावर जुनं भिंग तसंच. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही निघायला हवा.

मी चिमटा घेऊन बसले होते. कबूल करते, कारण दुसऱ्या कुणी तसं करू नये. नवीन खवलाच ओढला गेला तर डोळा जातो. पशुवैद्य बाईंनी फोनवर आधी चिमटा खाली ठेवायला सांगितला, मग बाकीचं सांगितलं: कोमट पाणी, तिचं अंग जेमतेम भिजेल एवढंच, झाकणाला भोकं असलेल्या डब्यात वीसएक मिनिटं. त्यानंतर ओल्या पंचात सोडून तिलाच सरपटू द्यायचं. ईरानं पंचा हातात सैल धरला आणि जायफळ त्यातून हळूहळू पुढं गेली, तसे पापुद्रे पंचाला लागत गेले. शेपटीवरचं कडं तिसऱ्या वेळी सुटलं. ते राहिलं असतं तर आवळत जाऊन टोकाचं रक्त थांबलं असतं. डोळ्याचं मात्र पुढच्या कातीपर्यंत थांबा, असं त्या म्हणाल्या.

आणि एवढं सगळं होत असताना तो काटा 58 वरच होता.

बाबा तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. रसायनाचे मास्तर, चिपळूणच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवलेलं. पेटीकडे ते लांबून बघायचे. काट्याची गोष्ट ऐकून म्हणाले, ‘त्याला मिठाच्या परीक्षेला बसव.’

ईराला वाटलं आजोबांची काहीतरी म्हण असेल. बाबांनी बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घेतलं, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं केलं. विरघळून जाता कामा नये, मीठ शिल्लक दिसलं पाहिजे. ते बूच आणि काट्याचं यंत्र एका हवाबंद पिशवीत घालून ठेवलं, रात्रभर. अशा ओल्या मिठाभोवतालची कोंडलेली हवा नेहमी 75 टक्के दमटपणावर येऊन थांबते, घर ऊबदार असलं काय नि थोडं गार असलं काय, फरक नाममात्र. ‘पावसाळ्यात मिठाला पाणी का सुटतं?’ ते ईराला विचारत होते. ‘हवा पंचाहत्तरच्या वर गेली की मीठ तिच्यातलं पाणी ओढून घेतं. खाली गेली की सोडून देतं. तुझ्या पणजीला हा आकडा माहीत नव्हता, पण ती मिठाच्या बरणीकडे बघून पापड वाळत घालायचे की नाही ते ठरवायची.’

सकाळी पिशवीत काटा 58 वर. तो कधी हललाच नव्हता. आम्ही सेन्सरवाली दोन साधी डिजिटल यंत्रं आणली, तीही आधी मिठात घातली. एक 74 दाखवत होतं, दुसरं 77. कुठलं किती चुकतं ते बाबांनी चिकटपट्टीवर लिहून पाठीला लावलं. मग ती पेटीत ठेवली तर गरम बाजूला 19 टक्के.

इथं माझी दुसरी चूक झाली, आणि तिचं दुःख पहिलीपेक्षा जास्त आहे, कारण ती मी काळजीपोटी केली. झाकणावर ओले टॉवेल टाकले, दिवसातून तीन वेळा फवारा मारायला लागले. काचेवरून पाणी ओघळायचं, खालचा भुसा चिकट झाला, पेटीला तळघराचा वास यायला लागला. आकडे 80 च्या पुढं गेले आणि मी समाधानानं झोपले. तीन आठवड्यांनी ईरानं तिला हातात घेऊन उलटं केलं तर पोटाच्या खवल्यांच्या कडा तांबूस झाल्या होत्या, दोन ठिकाणी बारीक फोड. ओल्या जमिनीवर पडून राहिलं की सापाचं पोट असं सडायला लागतं. पेटी ओली आणि गारही असली तर छातीत कफ होतो, तोंड उघडं टाकून श्वास घेतात, नाकाशी फेस येतो. तिथवर गेलं नाही हे नशीब. पशुवैद्य बाईंनी तिला कोऱ्या कागदी रुमालांवर ठेवायला सांगितलं, मलम दिलं.

त्या रविवारी बाबांनी मटकी भिजत घातली होती. थंडीत मोड यायला वेळ लागतो, म्हणून उपसून फडक्यात बांधली आणि ओव्हनमधला नुसता दिवा लावून आत ठेवली. संध्याकाळी ईराला हाक मारली. फडकं सोडून तिच्या हातावर मूठभर मटकी ठेवली, पांढरेशुभ्र मोड फुटलेले.

‘फडकं पिळून बघ. पाणी निघतं?’

‘नाही, आजोबा.’

‘पण कोरडं आहे का?’

‘नाही.’

‘पाण्यात ठेवली असती तर आंबली असती. उघडी ठेवली असती तर मोड आलेच नसते. तुझ्या जायफळला मटकीसारखं ठेवायचं बघ.’

जायफळची पेटी त्या वाक्यावर उभी राहिली. ईरानं आइस्क्रीमचा मोठा डबा घेतला, बाजूला तिचं अंग जाईल एवढं भोक पाडलं, कड सँडपेपरनं गुळगुळीत केली आणि आत शेवाळं भरलं. त्याची परीक्षा फडक्याचीच: मुठीत दाबलं की हाताला गार लागलं पाहिजे, थेंब पडता कामा नये. हा डबा तिची दमट गुहा. पाहिजे तेव्हा आत जाईल, नको तेव्हा बाहेर.

खाली भुशाऐवजी नारळाच्या सोडणाचे तुकडे टाकले, चांगला चार बोटं जाड थर. हे इथं विटेसारखं दाबून विकायला असतं, आमच्या पाकिटावर ‘भारतात तयार’ असं छापलेलं. बाबांनी वीट कोमट पाण्यात सोडली आणि ती फुगून सुटायला लागली, तसा सगळ्या स्वयंपाकघराला आमच्या मागच्या पडवीचा वास आला. नारळ सोलल्यावर सोडणं टाकायचो त्या कोपऱ्याचा. मी आणि बाबा काही वेळ तिथंच उभे होतो. फवारा बंद केला. आता आठवड्यातून एकदा चार कोपऱ्यांत कपभर पाणी ओतायचं, ते तळाशी उतरतं. वरचा थर हाताला कोरडा, खालचा ओलसर, आणि वाफ सावकाश वर येत राहते. पोट कोरड्यावर, श्वास दमट हवेत. झाकणाच्या जाळीवर तीन चतुर्थांश भागावर चिकटपट्टीचा चंदेरी कागद लावला, बाकी जाळी उघडी, हवा कोंडायला नको.

उष्णतेचं काम त्यामानानं पटकन झालं. हीट मॅट नुसतीच बोर्डात खुपसलेली होती. तिच्यावर धरून बघितलं तर काच 46 अंश. असल्या मॅटवर पडून पोट भाजलेले साप पशुवैद्यांकडे नेहमी येतात, भाजतंय तरी ते तिथून हलत नाहीत. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला उष्णता आपोआप बंद-चालू करणारं यंत्र, लावला, त्याचा सेन्सर तिच्या जागेपाशी घट्ट बसवला, 32 वर ठेवला. ज्याच्या घरात उष्णतेचं कुठलंही साधन थर्मोस्टॅटशिवाय चालू आहे त्यानं आज रात्रीच ते बंद करावं, एवढं मी हात जोडून सांगते.

आणि एक बाजू गार हवी. मला हे उशिरा कळलं. साप अंगात उष्णता तयार करत नाही, ती तो जागा बदलून मिळवतो. खाल्लं की उबेला जातो, कारण थंड पोटात अन्न पचत नाही, कुजतं आणि उलटून पडतं. बाकी वेळ गारव्याला. पेटीभर एकच छान तापमान ठेवलं तर त्याचं हे जाणं-येणंच संपतं. दमटपणाचंही तेच. सकाळच्या त्या 48 आणि 70 मधे पाणी सारखंच असतं, गरम हवेत जागा जास्त म्हणून आकडा खाली. पूर्वी मी गरम बाजूचा आकडा 70 वर आणायला बघत होते, तेव्हा गार कोपऱ्यात पाण्याचं तळं होत होतं.

मला एक गोष्ट अजून छळत होती. ईराच्या पुस्तकात लिहिलं होतं की बॉल पायथन घाना, टोगो, बेनिन इथल्या गवताळ माळांवरचा. तिथं नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत सहाराकडून हरमॅटन वारा वाहतो, धुळीचा, हाडापर्यंत कोरडा. मग या जनावराला 60 ते 80 टक्के दमटपणा हवा तरी कशाला? मी बाबांना विचारलं.

‘राहतो कुठं तो?’

पुस्तकात होतं. दिवसा उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत.

‘मग झालं. वैशाखात आपल्या काजूच्या बागेतलं वारूळ फुटलं होतं, आठवतं? वर माती खापरासारखी. आत हात घातला तर गार आणि ओलसर.’

आठवत होतं. आई त्या वारुळापाशी नागपंचमीला लाह्या ठेवायची. मी आजवर हवामान खात्याचा आकडा आणि सापाचा आकडा एकच समजत होते. माळावर उन्हानं तडे गेलेले असताना तो मातीच्या पोटात, दमटात, अंधारात वेटोळं करून असतो. मला आफ्रिकेची हवा आणायची नव्हतीच. मला मिनेसोटात एक वारूळ सांभाळायचं होतं.

जानेवारीत एका रात्री बर्फाच्या वादळात वीज गेली ती अकरा तास आली नाही. बाहेर उणे 24. बाबांनी अंगावरची गोधडी काढून पेटीभोवती गुंडाळली, आजीच्या जुन्या नऊवारीची, चिपळूणहून आणलेली. गरम पाण्याच्या बाटल्या पंचात बांधून काचेच्या बाहेरून लावल्या. दर दीड तासानं ईरा आणि बाबा आळीपाळीनं उठून गॅसवर पाणी तापवत होते. पेटीतलं तापमान 22 च्या खाली गेलं नाही. जायफळ शेवाळाच्या डब्यात होती. बाबांनी आतलं काही दिसत नसताना डब्यावर तळहात ठेवला, आणि बराच वेळ तसाच ठेवला. काठी घेऊन येणाऱ्या काकांच्या बरोबर कधीकाळी हेच बाबा असायचे.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात डोळे पुन्हा दुधाळ झाले. ईरा शाळेतून आली की आधी पेटीपाशी. बाबांनी ‘तिला नाक घासायला काही आहे का?’ असं विचारून अंगणातल्या ओक झाडाची एक खडबडीत फांदी आणली, ओव्हनमध्ये भाजून घेतली. गावाकडे कात नेहमी गडग्याच्या दगडांतच सापडते, ते म्हणाले, गुळगुळीत जागी नाही. आठव्या दिवशी पहाटे बाबांनीच मला उठवलं. फांदीच्या बुंध्यापासून डब्याच्या दारापर्यंत कात पसरली होती, एकसंध, अजून ओलसर. ईरानं ती खिडकीच्या उजेडात धरली आणि आम्ही तिघं डोकी जोडून डोक्याचा भाग बघायला लागलो. दोन बारीक, गोल, स्वच्छ भिंगं. उजव्या बाजूचं जाड दिसत होतं. त्यात दोन थर होते, नोव्हेंबरचा आणि आताचा.

जायफळचा उजवा डोळा काळाभोर, चकचकीत.

हे प्राणी वीस-तीस वर्षं सहज जगतात. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात 1961 साली आलेल्या एका मादीनं 2020 मध्ये अंडी घातली, तेव्हा ती साठीच्या पुढं होती असा तिथल्या लोकांचा अंदाज आहे. ईरा दोन वर्षांत कॉलेजला जाईल. वसतिगृहात साप चालत नाही. तिनं तो विषय काढायच्या आत मी सांगून टाकलं की जायफळ माझ्याकडे राहील.

बाबा मार्चमध्ये परत गेले. आता दर रविवारी त्यांच्या सकाळी, म्हणजे आमच्या शनिवारी रात्री, व्हिडिओ कॉल असतो. या जूनमध्ये चिपळूणला पाऊस लागला त्या आठवड्यात ईरानं फोन हातात घेतल्या घेतल्या विचारलं, ‘आजोबा, मिठाला पाणी सुटलं का?’

बाबा फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. फळीवरून चिनी मातीची बरणी काढली, झाकण उघडून कॅमेऱ्यासमोर तिरकी धरली. खडेमीठ कडेनं पाणावलं होतं.

‘खड्याचं नको,’ ईरा म्हणाली. ‘त्यात मॅग्नेशियम असतं, ते आधीच ओलं होतं. बारीक मीठ दाखवा.’

त्यांनी दुसरी बरणी काढली. चमचा आत घातला तो मिठाचा ढेकूळ घेऊनच वर आला, ओला, चमकणारा.

‘पंचाहत्तरच्या वर,’ ईरा म्हणाली, आणि फोन पेटीच्या काचेकडे वळवला. ‘आमच्याकडे गार बाजूला सत्तर. दिसतेय का आजोबा? डब्याच्या दारात डोकं ठेवून बसलीय.’